सड्यावर मासा सापडलाय. सांगू का नको?

गडगा (धागाकर्ता)

गणपतीला गावी गेलो होतो. तालुका राजापूर, गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही. विसर्जन झाल्यावर चुलतभाऊ म्हणाला, चल, सड्यावरची हद्द बघून येऊ, चिरेखाणवाला (जांभ्याचे चिरे कापून विकणारा) विचारतोय. वर सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या सपाट पठारावर, आमच्या घराण्याची साडेतीन एकर आहे. सातबाऱ्यावर अकरा नावं. त्यातली दोन माणसं वारलीत, वारस नोंद अजून नाही. पिकत काही नाही. पूर्वी गुरं सोडायचे आणि गवत कापायचे, आता गुरंच नाहीत.

संध्याकाळचं ऊन आडवं पडलं होतं. हद्दीचा दगड शोधताना पायाखाली एक लांब खोबण लागली, बोटभर रुंद. भाऊ म्हणाला, पाण्याने झिजलं असेल. मी बाजूच्या डबक्यातलं पाणी ओंजळीने त्यात ओतलं. पाणी रेघ धरून पळत सुटलं आणि कल्ला, पर, शेपटी असा कातळात कोरलेला अख्खा मासा उमटला. चपलेने मोजला. एकोणीस चपला.

घरी येऊन आबाकाकांना सांगितलं, तर ते म्हणतात, "तो होय! पांडव कोरून गेले एका रात्रीत. आम्ही गुरं राखायला जायचो तेव्हा त्याच्या पोटात बसून भाकरी खायचो." म्हणजे यांना ठाऊक होतं, आणि सत्तर वर्षांत घरात कुणाला सांगावंसं वाटलं नाही!

आता भानगड अशी की भाऊ म्हणतो, कुणाकडे बोलू नकोस. सरकार येणार, खांब ठोकणार, जमीन अडकली म्हणून समज. खाणवाला रोख पैसे देतोय आणि भावाच्या मुलीचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष आहे. मी मुंबईत नोकरी करतो, वर्षातून दोनदा गावी जातो. मला काय अधिकार आहे, हेही कळत नाही. पण झोप येत नाही हे खरं.

जाणकारांनी सांगावं. कातळशिल्प म्हणून नोंद केली तर जमिनीचं काय होतं?

आंबोळी

फोटो कुठाय? फोटोशिवाय धागा म्हणजे खोबऱ्याशिवाय सोलकढी.

गडगा

काढलेत, टाकणार नाही. मागे एका मित्राने असाच टाकला होता, पुढच्या रविवारी पन्नास गाड्या.

पाणकणीस

फोटो टाकू नका, हे उत्तम. आणखी एक विनंती, त्या रेघांत खडू, चुना, रांगोळी काहीही भरू नका. फोटो छान येतो म्हणून लोक भरतात. जांभा सच्छिद्र असतो, आत गेलेलं धुऊन निघत नाही. माती साचली असेल तर खराट्याने हलक्या हाताने झाडा. आडव्या उन्हात फोटो आपोआप चांगला येतो, सकाळी सात किंवा संध्याकाळी साडेपाच.

तुम्ही लिहिलंत "पिकत काही नाही". माझं सगळं आयुष्य या एका वाक्याशी भांडण्यात गेलंय, त्यामुळे जरा लांब लिहिते.

सडा उन्हाळ्यात बघाल तर तवा. काळा, तापलेला, चप्पल घालूनही पाय भाजतात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जा. जिथे बोटाच्या पेराएवढी माती आहे तिथे कोकण दीपकाडीचे पांढरे तुरे येतात. ही कंदवर्गातली वनस्पती म्हणजे कोकणातल्या अशा सड्यांची खासियत. मग डबक्यांच्या काठाने गेंद, जिथे पाणी नुसतं पाझरतं तिथे सीतेची आसवं. नाव एवढं नाजूक, पण ती मुळांजवळच्या बारीक पिशव्यांत पाण्यातले जीव ओढून खाते, कारण कातळात नत्रच नाही. भाद्रपदात कवल्याने सगळं पिवळं होतं. दगड उलटलात तर नशिबाने देवगांडूळ दिसेल. ते गांडूळही नाही आणि सापही नाही, बेडकाच्या कुळातलं आहे. (उलटलात तर तो दगड परत होता तसा ठेवा. हे सांगावं लागतं.) चार महिन्यांत उगवणं, फुलणं, बी धरणं सगळं उरकायचं आणि आठ महिने मेल्यासारखं पडून राहायचं, असा या झाडांचा हिशेब आहे. सर्वेक्षणाला माणसं येतात फेब्रुवारीत आणि लिहून जातात, ओसाड.

आणि पाणी. तुमच्या वाडीतली विहीर सड्याच्या पायथ्याशी असणार, पैजेवर सांगते. पावसाचं पाणी कातळाच्या भेगांतून, भोकांतून आत उतरतं आणि खाली झऱ्याला लागतं. सडा म्हणजे गावाची न बांधलेली टाकी.

गडगा

विहीर आहे. अगदी पायथ्याशी. मे महिन्यातही हंडा बुडतो.

सातबारा

महसूल खात्यात पस्तीस वर्षं काढली, म्हणून चार गोष्टी.

तुमच्या उताऱ्यावर 'पोटखराब' असं असेल. म्हणजे लागवडीस अयोग्य. हा शब्द शेतसारा ठरवण्यासाठी होता, कारण जिथे पीक नाही तिथे सारा नाही. पण कागदावरचा शब्द हळूहळू जमिनीचा स्वभाव होऊन बसतो. प्रकल्पाला जागा बघायची वेळ आली की अधिकारी नकाशावर आधी पोटखराब आणि पडीक शोधतो. भातखाचर घेतलं तर बोंब होते, घरं उठवली तर मोर्चा येतो. सडा सपाट आहे, मोकळा आहे, वर कुणी राहत नाही. माडबनला जैतापूर अणुप्रकल्पासाठी ९३८ हेक्टर घेतले, तेव्हाही जमीन नापीक असल्याचं सांगितलं गेलं. चिपीचा विमानतळ सड्यावरच. मी नोकरीत असताना असे प्रस्ताव स्वतःच्या हाताने लिहिलेत, त्यामुळे दुसऱ्याला शहाणपण शिकवत नाही.

आता तुमचा प्रश्न. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. नऊ ठिकाणं आहेत. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ. पण संभाव्य यादी म्हणजे देशाने युनेस्कोला कळवलेला मनसुबा. त्याने कातळाच्या एका खड्यालाही कायद्याचं संरक्षण मिळत नाही. ते मिळतं प्राचीन स्मारकांच्या कायद्याखाली, केंद्राच्या १९५८ च्या किंवा राज्याच्या १९६० च्या, अधिसूचना निघाली तर. अधिसूचना निघाली म्हणून जमीन सरकारजमा होत नाही, मालकी तुमचीच राहते, वापरावर बंधनं येतात. लोक ज्याला घाबरतात तो शंभर मीटरचा मनाई पट्टा केंद्र-संरक्षित स्मारकांसाठी २०१० च्या दुरुस्तीने पक्का झाला. नुसत्या नोंदीने, म्हणजे अभ्यासकांनी येऊन मोजमाप केलं आणि यादीत लिहिलं, एवढ्याने असलं काही लागू होत नाही.

थोडक्यात, भाऊ समजतो तेवढं भय नाही आणि तुम्ही समजता तेवढं संरक्षणही नाही.

चिरेबंदी

मी खाण चालवतो. रीतसर परवाना, रॉयल्टी भरून. शिव्या घालायच्या असतील तर घाला, पण तुमच्यापैकी कितीजणांची घरं चिऱ्याची आहेत ते आधी सांगा. कोकणात माझ्या चिऱ्याशिवाय देऊळ उभं राहत नाही की गडगा.

धंद्यातली एक गोष्ट सांगतो, ती कुठे लिहिलेली सापडणार नाही. ही चित्रं असतात वरच्या कडक पापुद्र्यावर. आम्हाला तो पापुद्रा कामाचा नसतो. तो वेडावाकडा तुटतो, त्याचा चिरा निघत नाही. चांगला चिरा खालच्या थरात, तिथे कटर सरळ चालतो आणि कापलेला दगड हवा लागली की पुढे टणक होतो. म्हणजे खाण उघडताना पहिल्या दिवशी पहिलं काम काय, तर जेसीबी लावून वरचा पापुद्रा काढून कडेला ढीग मारायचा. तुमचा मासा चिऱ्यात जाणार नाही, डबरात जाईल. भरावाला.

माझ्या बापाने दोन ठिकाणी असले "चितार" फोडलेत. तेव्हा कुणाला काय माहीत. हत्ती होता म्हणतात एक.

आंबोळी

हे वाचून चहा निवला हो.

एस्टी_स्टँड

मी मूळचा त्याच भागातला, आणि रिफायनरी यायला हवी होती असं माझं स्पष्ट मत आहे. नाणारला तीन लाख कोटींचा प्रकल्प, वर्षाला सहा कोटी टन क्षमता. विरोध झाला, २०१९ मध्ये तिथलं भूसंपादन रद्द झालं. मग रिफायनरीसाठी बारसूची जागा बघितली. एप्रिल २०२३ मध्ये नुसतं माती परीक्षण करायला गेले तर बायामाणसं कातळावर आडवी झाली, अश्रुधुराच्या नळकांड्या फुटल्या. मिळालं काय? आमच्या वाडीत बावीस घरं आहेत, सतरांना कुलूप. गणपतीला आणि शिमग्याला उघडतात. कातळावरच्या फुलांवर निबंध लिहिणाऱ्यांनी जरा त्या कुलपांवरही लिहावं. दहा बाय दहाच्या खोलीत आयुष्य काढून म्हाताऱ्या झालेल्या चाकरमान्याला विचारा, त्याला दीपकाडी हवी होती की घराजवळ नोकरी.

माहेरवाशीण

त्या आडव्या झालेल्या बायांत माझी मावशी होती. एप्रिलचा कातळ काय तापतो ते वर लिहिलंय कुणीतरी. पाठीला फोड आलेले. तिला कुणी पैसे देऊन आणलं नव्हतं आणि फुलं वाचवायलाही ती गेली नव्हती. तिचं म्हणणं एवढंच होतं, आंबा, काजू आणि खाली खाडीतली मासळी यावर आमचं चाललंय, ते गेलं तर दुसरं काय देणार ते आधी लिहून द्या. कुलपांचं दुःख आम्हालाही आहे, भाऊ. पण कुलूप लावून गेलात तुम्ही, उरलो आम्ही.

एस्टी_स्टँड

ताई, मावशींचा अपमान करायचा नव्हता. पण प्रश्न आहेच.

पाणकणीस

आहेच. मी तो नाकारत नाही. फक्त एक सांगते, आणि हे ऐकून दोन्ही बाजू माझ्यावर चिडतात. रिफायनरी दिसते म्हणून तिच्यावर मोर्चा निघतो. सडा जास्त मरतोय तो न दिसणाऱ्या कामांनी. साडेतीन एकर इथे, पाच एकर तिथे. खाण एक. दुसरं म्हणजे आपला लाडका हापूस. कातळात सुरुंग लावून खड्डे पाडायचे, बाहेरून ट्रकने माती आणायची आणि कलमं लावायची. गेल्या कित्येक वर्षांत रत्नागिरीचे कितीतरी सडे असेच कुंपणाआड गेलेत. त्याविरुद्ध कोण बोलणार? मीही मे महिन्यात पेटी मागवतेच. तिसरं म्हणजे शहरातल्या लोकांचे "सी व्ह्यू" प्लॉट. गुंठ्यागुंठ्याने विकतात, चारी बाजूंनी चिऱ्याचं कंपाउंड, आत नारळाची दोन रोपं, ती मरतात, आणि कंपाउंड राहतं.

सातारकर_बाबू

कासच्या अनुभवावरून सावध करतो. आमच्या पठारावर असाच कातळ आणि अशीच चार बोटं माती. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या ३९ ठिकाणांपैकी एक म्हणून जागतिक वारसा झालं, आणि पुढच्याच हंगामापासून जत्रा. तिकीट आलं, कुंपणही घातलं. कुंपणाने माणसं थोडी थांबली पण गुरंही थांबली. चराई बंद झाल्यावर गवत माजलं आणि फुलं दबली, असं तिथले गुराखी पहिल्यापासून सांगत होते, पुढे ते म्हणणं मान्य होऊन जाळी काढली. वाचवायचं म्हणजे जाळी मारायची, एवढंच आपल्याला सुचतं. मासा वाचवाल आणि भोवतीचा सडा माराल, असं करू नका.

खाजन

गोव्याहून देव बरें करूं! फणसायमळचं नाव आलं म्हणून लिहितो. आमची चित्रं कुशावती नदीच्या अगदी काठावर, पावसात नदी त्यांच्यावरून जाते. बैल, मोर, आणि तो गोल गोल चक्रव्यूह, बघतच राहावं असा. गावच्या लोकांना ठाऊक होतीच, अभ्यासकांपर्यंत १९९३ मध्ये पोचली. शेजारी लोहखनिजाची खाण होती. वाचली हे नशीब.

पण सड्याचं म्हणाल तर मोपा बघा. पेडण्यात अख्खं पठार विमानतळाला गेलं, २०२३ च्या जानेवारीपासून विमानं उतरतात. मी स्वतः तिथून दोनदा उडालोय, खोटं कशाला बोलू. खिडकीतून खाली बघताना मात्र पायथ्याच्या झऱ्यांचं काय झालं असेल हा विचार येतोच.

सातबारा

गडगा, एक वेगळी वाट आहे, ती बघा. जैवविविधता कायदा, २००२. त्यात 'जैवविविधता वारसा स्थळ' अशी तरतूद आहे. शेजारच्या सिंधुदुर्गातच दोन उदाहरणं आहेत. दोडामार्गात बांबर्ड्याची मायरिस्टिकाची (रानजायफळाची) राई, आणि आंबोलीला हिरण्यकेशीच्या देवळाचं तळं, तिथे नव्याने सापडलेल्या एका छोट्या माशासाठी. दोन्ही जागा जेमतेम दोन-अडीच हेक्टरच्या. म्हणजे जागा मोठीच असावी लागते असं नाही. यात ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती महत्त्वाची. प्रत्येक पंचायतीत ती कागदावर असतेच. सभा होते का, ते मला विचारू नका.

आणि त्याआधी घरचं आवरा. अकरा नावं असताना एकट्या भावाने खाणवाल्याला सही दिली तर ती चालत नाही, तशीच एकट्या तुम्ही नोंद मागितलीत तर उरलेले हिस्सेदार तुमच्या घरी येतील. वारस नोंद करून घ्या. बाकी सगळं नंतर.

चिरेबंदी

आणि खाणवाल्याला स्पष्ट सांगा, चित्र आहे. बरेचसे माघार घेतात, कारण आता पेपरात येतं, मग परवान्याची चौकशी लागते. भावाची गरज खरी असेल तर सड्याच्या उताराकडचा, चित्रापासून लांबचा तुकडा आहे का बघा. मी धंद्यातला आहे म्हणून माझ्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा.

पाणकणीस

उताराकडून खणलं की विहिरीचं पाणी पहिलं तुटतं, बरं का.

चिरेबंदी

हे मात्र खरंय. मागे घेतो.

आंबोळी

मला एक कळलं नाही. मासाच का? एवढ्या वर सड्यावर?

पाणकणीस

सड्यावर मासे बरेच सापडलेत, शंकरमासेसुद्धा. समुद्र फार लांब नाही ना. गंमत गेंड्याची आहे. कोकणात आज गेंडा नाही, पण कातळावर आहे. म्हणजे कोरणाऱ्याने एकतर बघितला असणार किंवा बघितलेल्याकडून ऐकला असणार. कशेळीला एक हत्ती आहे, सुमारे अठरा मीटर लांब, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची गर्दी. जमिनीवर उभं राहून तो पूर्ण दिसतच नाही. ज्याने कोरला त्याला तो एका नजरेत कधी बघताच आला नसेल. आजवर दीड हजारांवर आकृत्या नोंदल्या गेल्यात, त्यातल्या बऱ्याच रत्नागिरीतल्या हौशी मंडळींनी २०१२ पासून सुट्टीच्या दिवशी सडे पालथे घालून शोधल्यात. शोधल्या म्हणजे काय, तर गुराख्यांना विचारल्या. तुमच्या आबाकाकांसारख्यांना.

माहेरवाशीण

हेच म्हणायचं होतं. गडगा, शीर्षकात "सापडलाय" लिहिलंत. काकांचा हरवला कधी होता?

गडगा

मान्य. बदलता येत नाही शीर्षक, नाहीतर बदललं असतं.

एस्टी_स्टँड

एक व्यवहाराचं बोलतो. उक्षीला गावकऱ्यांनी हत्तीभोवती चिऱ्यांचं कुंपण घातलंय, बघायला माणसं येतात. गावातल्या दोन पोरांना जरी त्यातून वर्षाचे चार महिने काम मिळालं तरी मी माझी टोपी काढीन. पण मिळायला हवं गावातल्या पोरांना. मुंबईहून येऊन कुणी "हेरिटेज स्टे" काढला आणि आमची पोरं तिथे भांडी घासायला, हे नको.

गडगा

दिवाळीला परत गावी जाऊन आलो. पुढे काय झालं ते लिहितो.

आबाकाकांना घेऊन सड्यावर गेलो. गुडघ्याने चालवत नाही, तरी आले. काठीने माशाच्या डोळ्याजवळचं गवत बाजूला केलं आणि म्हणाले, इथे आणखी एक आहे, तुला दिसला नसेल. खराटा फिरवला तर खरंच. छोटा, तीन चपलांचा. मोठ्याच्या शेपटीमागे. भाऊ बरोबर होता. तो काही बोलला नाही, पण मोबाईलवर फोटो काढून मुलीला पाठवला.

खाणवाल्याला भावानेच सांगितलं, वर चित्र आहे. तो म्हणाला बघू, आणि आठवड्याने आमच्या पलीकडची जमीन घेतली. तिथे कटर सुरू झालाय. आमच्या हद्दीपासून दोनशे पावलं. दिवसभर तो आवाज वाडीपर्यंत येतो आणि पूर्वेचा वारा असला की लाल धूळ अंगणात. म्हणजे आम्ही चांगलं केलं की पैसे शेजाऱ्याला दिले, असं भाऊ विचारतो आणि माझ्याकडे उत्तर नाही. पुतणीच्या फीचा अर्धा भाग मी उचललाय. हा काही उपाय नव्हे. दर सड्यामागे एक मुंबईतला भाऊ थोडाच असतो.

अभ्यासक मंडळी दोन तास येऊन मोजून गेली. मोठा मासा साडेपाच मीटर भरला. ग्रामपंचायतीत विचारलं, जैवविविधता समिती आहे का. ग्रामसेवक म्हणाले, आहे. सदस्य कोण? त्यांनी वही उघडली. पहिलं नाव आबाकाकांचं! त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. आता काका रोज विचारतात, माझी सभा कधी.

वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे दिलाय. अकरापैकी सहा जणांच्या सह्या संमतीपत्रावर झाल्यात, की खाणीला आणि विक्रीला कुणी एकट्याने सही द्यायची नाही. उरलेले, वारलेल्या दोघांचे वारस धरून, बोरिवली आणि विरारला. त्यातल्या एका आत्तेशी गेली बारा वर्षं आमच्या घराचं बोलणं नाही, कारण फणसाचं झाड. येत्या रविवारी तिच्याकडे जातोय. काय घेऊन जाऊ?

आंबोळी

काजूगर. आणि फणसाचा विषय तिने काढेपर्यंत तू काढू नकोस.

सातबारा

संमतीपत्राच्या दोन प्रती घेऊन जा. आणि शाईचं पेन.